आक्काचं अडकलेलं बोट

आक्काच्या शेजारच्या वामनचा फोन आला की माझा उजवा अंगठा आधी आखडतो. महिन्यापूर्वी शहापूरच्या बाजारात असताना सकाळी तो आला, तेव्हाही तसंच झालं. "भाऊ, आक्का उठत नाय..." एवढंच तो बोलला. माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. सुखाचं मरण आलं, असं सगळे म्हणाले. मला मात्र अजून एका जागी बसवत नाही, कारण तिची माफी मागायची राहून गेली.

आक्का टोकावड्याच्या पुढे, शेतातल्या घरात एकटी राहायची. भावोजी गेल्यावर वर्षभरातच भरदुपारी दोघं घरात शिरले आणि तिच्या गळ्यातलं ओढून पळाले. मी तिला शहापूरला बोलावलं, पण ती कसली येते! "घर माझा हाय, मी कशाला जाऊ? मला बंदूक घेऊन दे." मी उभी नोकरी पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात घालवलेली, त्यामुळे परवान्यासाठी खेटे मीच घातले आणि निवडही माझ्याकडेच आली. अडचण तिच्या हातांची होती. संधिवाताने मनगटात जोर उरला नव्हता. शिवाय उजव्या हाताचं पहिलं बोट एकदा वाकलं की अडकायचं, ते डाव्या हाताने ओढून सरळ करावं लागायचं. दुकानात पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला ती दात-ओठ खाऊन लागली, तो जागचा हलेना. रिव्हॉल्व्हरला तसं खेचणं नसतं, पण बोटाने ओढायचा चाप जड. मग मी युक्ती काढली. मागचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, दोन्ही अंगठ्यांनी ओढून ठेवला की चाप अगदी हलका होतो. झटका कमी बसावा म्हणून थोडी वजनदार, जाड मुठीची निवडली. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप आक्काने खट्कन ओढला आणि खुदकन हसली. "जमला रे विजू!" मीही स्वतःवर खूश झालो.

पुढच्या पावसाळ्यात तिचा शेजारी वामन रानातली शेवळांची भाजी द्यायला मागच्या दाराने आला. एरवी लांबून हाक मारणारा माणूस, पण नेमका त्या दिवशी तोंडात तंबाखूचा बार भरलेला. आक्काला दारातल्या उजेडापुढे नुसती पुरुषाची आकृती दिसली. तिने दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढला... आणि तेवढ्यात त्याला ओळखलं. नळी तिने कोपऱ्यातल्या भाताच्या पोत्याकडे वळवली खरी, पण चापावर गेलेलं बोट वाकून अडकलं होतं. ते ओढून सोडवावं तर गोळी सुटणार. घोडा धरून अलगद खाली आणावा तर अंगठ्यात तेवढा जोर कुठला? वामनने मला फोन लावला. "हात लावू नकोस," मी ओरडलो, "पोत्याकडंच धरून बसू दे तिला!" किन्हवलीमार्गे मोटरसायकलवर मला सव्वा तास लागला. तेवढा वेळ आक्का खुर्चीत, हात पुढे धरून बसलेली होती, आणि जिच्या गोळीतून वाचला तिलाच वामन मागून पाणी पाजत होता. मी घोड्यापुढे अंगठा घालून तो अडवला, तिचं बोट सोडवलं, गोळ्या काढल्या. ती हात चोळत म्हणाली, "उडवायला सोपी आनलीस रे. आन् नाय उडवायची तर?"

दुकानात मी तिच्याकडून चाप दहा वेळा ओढून घेतला होता, पण ओढलेला घोडा परत खाली आणायला एकदाही लावला नव्हता. जन्मभर हत्यारं हाताळलेल्या माणसाने ही चूक करावी, याची मला अजून लाज वाटते. रिव्हॉल्व्हर आम्ही पोलीस ठाण्यात जमा करून टाकली. त्यानंतर वामन रोज संध्याकाळी कुंपणापासूनच ओरडत यायचा, "आक्का, मी वामन!" आणि ती आतून म्हणायची, "ये रे, हात रिकामे हायत!" मग दोघं हसायचे. मला कधी त्यात हसता आलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेलो. त्याच खुर्चीत बसलो आणि पोतं असायचं त्या कोपऱ्याकडे दोन्ही हात धरून पाहिले. माझे हात धडधाकट आहेत, तरी दहा मिनिटांतच अवघडून खाली आले... तेवढ्यात कुंपणापासून सवयीची हाक आली, "आक्का, मी वामन!" आणि तो तिथेच थबकला.

"ये रे," मी म्हणालो. पुढचं मला म्हणता आलं नाही.