काळ्या घरांतले दोन राजे

माझी ताई बुद्धिबळातली मास्टर आहे. महिला मास्टर. स्पर्धेच्या यादीत तिच्या नावाआधी ते ‘महिला’ छापलेलं दिसलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण बायका-पुरुष सगळ्यांसाठी असलेला खुला किताब तिने कमावला होता. हो, कमावला होता! तो कसा हिरावला ते सांगते.

आमच्या बाबांचं केस कापायचं दुकान. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी बाकावर बुद्धिबळाचा पट असायचा. आठ वर्षांची ताई केस झाडायला म्हणून यायची आणि झाडू भिंतीला टेकवून खेळायला बसायची. पोस्टमन हरला, गवंडी हरला. शाळेचे हेडमास्तर तर अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठले, “पुन्हा मांड!” म्हणून. लोकांनी तिचं नाव वजीरबाई ठेवलं. बाबा आतून फुलायचे आणि वरून म्हणायचे, “अगं, गिऱ्हाईक पळवशील माझं!”

महिला मास्टर ती विसाव्या वर्षीच झाली. बक्षीस देताना पाहुणे काय म्हणाले? “मुलींच्या मानाने फारच छान खेळते.” मुलींच्या मानाने! त्याच स्पर्धेत पाहुण्यांचे चिरंजीव तिच्याकडून सव्वीस चालींत हरले होते, ते नाही सांगितलं. आणि ती तिशीची झाली तरी स्पर्धेच्या दारावरचा माणूस तिला सांगायचा, “पालकांची बाकं तिकडे आहेत, बाई.”

खुल्या किताबासाठी तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेली कामगिरी करावी लागते. तिच्या दोन झाल्या होत्या. तिसरीत शेवटची फेरी उरली होती आणि तिला हवा होता फक्त अर्धा गुण. नुसती बरोबरी झाली तरी किताब तिचा.

तिची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची. भावजींना रजा नव्हती, म्हणून पोरीला मांडीवर घेऊन व्हरांड्यात मी. ताई चाल करायची, घड्याळ दाबायची आणि समोरच्याचा वेळ चालू असेपर्यंत धावत येऊन पाजायची. असं पाच तास. आत पंच कुरकुरत होता, “बाई सारख्या उठतात.” पुरुष सिगारेट ओढायला दहादा उठले, त्यांना कुणी हूं की चूं केलं नाही.

समोर पांढरे मोहरे घेऊन बँकेतले एक साहेब होते. मोठं नाव. वीस वर्षांपूर्वीचे डाव चालीगणिक तोंडपाठ सांगायची त्यांची ख्याती. बेचाळिसाव्या चालीला त्यांनी हात पुढे केला, म्हणजे हरलो म्हणून कबूल केलं. दाराच्या काचेतून मी बघितलं आणि पोरीचा मुकाच घेतला.

आता या खेळाडूंची एक रीत आहे. डाव संपला की दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवायचे. पांढरा जिंकला तर पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या. पंच लांबून बघतो आणि निकाल लिहितो. ताईने दोन्ही राजे काळ्या घरांत ठेवले. तेवढ्यात इकडे पोरीने टाहो फोडला. ताईने आपल्या चालींच्या कागदावर सही केली, कागद टेबलावर ठेवला आणि धावली. साहेबांची सही घ्यायला थांबली नाही. चूक म्हणाल तर तिची एवढीच.

साहेबांनी तणतणत मोहरे पुन्हा पहिल्यासारखे मांडले आणि सही न करताच चहा प्यायला गेले. पंच आला, त्याला राजे मधोमध दिसले नाहीत, आणि त्याने लिहून टाकलं: पांढरा विजयी.

पोर झोपल्यावर आम्ही निकालाचा फलक बघायला गेलो, तर ताई हरलेली!

“तुम्हाला कुणी सांगितलं मी हरले म्हणून?” ताईने पंचाला विचारलं.

“सांगितलं नाही कुणी. पण समोर एवढे मोठे साहेब, आणि तुम्ही... मला साहजिक वाटलं.”

साहजिक! मेल्याला साधं विचारावंसंही वाटलं नाही.

साहेबांना बोलावलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “गडबडीत झालं सगळं. मला नक्की आठवत नाही.” वीस वर्षांचं आठवतं, आणि तासाभरापूर्वीचं आठवत नाही!

मग तिघांची समिती बसली. त्यांनी ताईच्या कागदावरून डाव मांडून बघितला. “तुमची बाजू वरचढ आहे खरी, पण मात कुठे झालीय? आणि त्यांची सही नाही.” बराच वेळ कुजबुजून त्यांनी मोठं मन दाखवलं. “असं करू, बरोबरी लिहू. तुम्हाला अर्धाच गुण हवाय ना? दोघांनी सह्या करा, विषय संपला.”

“माझी काही हरकत नाही,” साहेब लगेच म्हणाले. हरल्याचं आठवत नव्हतं, बरोबरीला मात्र एका पायावर तयार!

मी ताईचा दंड धरला. “घे गं. किताब मिळतोय ना? कर सही.”

तिने दंड सोडवून घेतला. “मी जिंकलेय. बरोबरी झाली असं मी लिहून देणार नाही. मी हरले असं तुम्हाला लिहायचं असेल तर तुमच्या हाताने लिहा.”

त्यांनी लिहिलं.

पुढे नोकरी, पोर, पाठीचं दुखणं. चौदा वर्षं झाली, इतक्या जवळ ती पुन्हा पोचली नाही. साहेब आता त्याच समितीवर बसतात.

त्या दिवशी परतताना बसमध्ये ताई पोरीला थोपटत होती. मी मात्र सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. शेवटी ती म्हणाली, “त्यांनी हात पुढे केला तेव्हा तू काचेतून बघत होतीस ना?”

“हो, बघितलं की!” मी तावातावाने म्हणाले.

“मग तिथे का नाही बोललीस?”

मला कुणी विचारलं नव्हतं. घरच्या बाईचं कोण ऐकणार, असं मला साहजिक वाटलं होतं.