थांबा-सिस्टर

आमच्या प्रसूती दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीला लागूनच माझं हिशेबाचं टेबल आहे. मधल्या दाराला कडी नाही, ते उघडंच राहतं, त्यामुळे सिस्टरचा आवाज दिवसभर कानावर असतो. तिला सगळे ‘थांबा-सिस्टर’ म्हणतात. एखादी गरोदर बाई काही न विचारता नुसती मान डोलावून दंड पुढे करते, तेव्हा ती सुई खाली ठेवते. “थांबा. बाहेर जाऊन पाणी प्या आणि एक प्रश्न घेऊन या.” रांग लांबते, डॉक्टर कपाळावर हात मारतात, सिस्टर ढिम्म.

परवा शिवणकाम करणारी एक मुलगी सासूबरोबर आली. सातवा महिना. तिनंही मान डोलावली, तीही बाहेर गेली. परत येऊन म्हणाली, “दुखेल का?”

“हा शेजारणीचा प्रश्न. तुझा कुठाय?”

मुलीला एकदम रडूच फुटलं. “मागच्या खेपेला इंजेक्शन घेतलं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. घरी म्हणाले, तूच हट्टानं घेतलंस. आता पुन्हा काही झालं तर?”

सिस्टरनं स्टूल तिच्याजवळ ओढलं. “सुरुवातीच्या महिन्यांत इंजेक्शन न घेणाऱ्यांचंही असं होतं गं. तुझे कागद मी पाहिलेत, इंजेक्शनचा दोष कुठे दिसत नाही. ही लस डांग्या खोकल्याची. बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंतचे आठवडे नाजूक असतात, तेवढ्यापुरतं त्याला तुझ्याकडून बळ मिळतं. दंड दुखेल, थोडी कणकण वाटेल. क्वचित कुणाला रिअ‍ॅक्शन येते, म्हणून नंतर जरा वेळ इथेच बसवते.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तरी पुढच्या तपासणीला माझ्याकडेच यायचं. मी तोंड वाकडं करणार नाही. डॉक्टरांनी केलं तर त्यांचं मी बघते.”

सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. “तेव्हा तसं पहिल्यांदा मीच बोलले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “नातवंड गेलं. राग कुणावर तरी काढायचा होता, हीच समोर होती.” मग सुनेकडे वळल्या. “तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. आता तुला कुणी काही बोललं, तर गाठ माझ्याशी आहे.”

मुलीनं डोळे पुसले.

“द्या, सिस्टर,” मुलगी म्हणाली.

पण बाही काही वर सरकेना.

“अगं, साऱ्या गावाचे कपडे शिवतेस आणि स्वतःची बाही एवढी घट्ट?”

“स्वतःचं शिवायला वेळ कुठे मिळतो! त्यात दंड हे असे भरलेत.”

तिघीही हसल्या. सासूबाईंनी सुनेच्या पिशवीतली छोटी कात्री काढली आणि बाहीची शिवण अलगद उसवली.

“घरी गेल्यावर मी घालते टाके,” त्या म्हणाल्या. “आज तू मशीनला हात लावायचा नाहीस.”