टोमॅटोची रात्र

वेलचेरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एक वयस्क बाई रोज संध्याकाळी खाली उतरत आणि गेटजवळच्या आपल्या टोमॅटोच्या कुंड्यांवर काळ्या छत्र्या उघडून ठेवत. नाव मी कधी विचारलं नाही. कुंड्यांच्या वर सेक्रेटरीने लावलेला मोठा दिवा रात्रभर जळे.

पानांवरचे काळे डाग बघून मी विचारलं, तेव्हा तंजावरी मराठीच्या हेलात म्हणाल्या, "बॅक्टेरियाचा रोग हा. उजाडताच पानांची छिद्रं उघडतात आणि जंतू आत शिरतात. रोपाच्या आत घड्याळ असतं, म्हणून ते पहाटेआधीच त्यांना अडवायला सज्ज होतं. पण रात्रच झाली नाही तर घड्याळ बिघडणारच की!"

एकदा सेक्रेटरीने वॉचमनकडून छत्र्या काढवल्या. "गेटजवळ असा आडोसा नको, अम्मा. चोर येतील."

"तुमचे येतील तेव्हा येतील, सार. माझे रोज पहाटे येतात."

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आपली लग्नातली जांभळी नऊवारी रेशमी पट्टूसाडी घड्यांसकट कुंड्यांवर पांघरली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काढा आता!"

वॉचमनने सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने जमिनीकडे. बाईच्या लग्नाच्या साडीला हात कोण घालणार?

दिवा अजून रात्रभर जळतो. जळू दे.