गंगाकाकूंनी धरलेले मनगट

चैत्र सरत आला होता आणि करड्या ढेकळांवरून येणाऱ्या वाऱ्याला वाळल्या कडब्याचा वास होता. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मुरुडच्या बाजारात नव्या कचेऱ्यांच्या गप्पा रंगत. पण तिथून जवळच्या ज्या खेड्यात मी इंग्रजी शिकवायला आले होते, तिथे सारे बोलणे अखेर टँकरपाशी येऊन थांबे.

त्या दिवसांत मी वर्गात ‘कॅच’ हे क्रियापद शिकवत होते. चेंडू कॅच करतात, गाडीही कॅच करतात, सर्दी होते तेव्हाही हाच शब्द, आणि बोलण्यातला अर्थ उमगतो तेव्हाही. शाळेतल्या जाड शब्दकोशात मूळ शोधले, तर पाठलाग सांगणारा ‘चेस’ त्याचा सख्खा भाऊ निघाला. दोघेही लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींच्या वाटेने इंग्रजीत उतरलेले. आरंभी ‘कॅच’मध्येही शिकारीमागची धाव होती; हाती गवसणे नंतरचे. पकडण्याआधी धावावे लागते, हा क्रम मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटला.

माझ्या खोलीसमोर गंगाकाकूंचे घर होते. चार एकरांची शेती, करारी चेहरा, बोलणे मात्र मायेचे. “मास्तरीणबाई, जेवलात का?” असे त्या रोज गल्लीपलीकडून विचारत; पण माझा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. आम्ही मुखेडकडचे बौद्ध, हे गावाला पहिल्याच दिवशी कळले होते. कुणी उघड काही बोलत नसे. विहिरीवर मी उभी राहिले की भोवती थोडी जागा आपोआप मोकळी होई, इतकेच.

त्या सकाळी टँकरने कोरड्या विहिरीत पाणी सोडले आणि बायकांची झुंबड उडाली. मी माझ्या नेहमीच्या, कठडा खचलेल्या कडेला पोहरा सोडत होते. दोराला हिसका बसला, पायाखालचा दगड निसटला, आणि क्षणात आकाश तिरपे झाले. छाती कडेवर आदळली, पाय पोकळीत लोंबकळले. आणि कुणीतरी माझे मनगट घट्ट आवळले.

“धर! दोनी हातानं धर मला! खाली बघू नगंस!”

एरवी मला ‘तुमी’ म्हणणाऱ्या गंगाकाकू मातीत पालथ्या पडून ओरडत होत्या. मागच्या बायकांनी त्यांची कंबर धरली, आणि सगळ्यांनी मिळून आम्हा दोघींना वर ओढले. दोघींनाही धाप लागली होती; माझे मनगट अजून काकूंच्याच मुठीत होते.

“सोडू का हात?” त्यांनी विचारले.

“नका,” मी म्हणाले.

मला धरूनच त्या गल्लीपर्यंत आल्या. माझ्या दाराशी क्षणभर थबकल्या. मग आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “पाणी दे गं थोडं.” माठाच्या तळाशी होते तेवढे मी दिले. त्यांनी तांब्या ओठांना लावला, अर्धे प्याल्या, आणि उरलेले माझ्यापुढे सरकवले.

काही दिवसांनी, मनगटावरचे वळ पिवळे पडू लागले तेव्हा, मी त्यांना विचारले, “काकू, तुम्हीही गेला असता की! मनात काय आलं त्या वेळी?”

“मनात? काय येतंय मनात! तू चालली व्हतीस खाली. हात गेला, बस.”

शब्दकोशातली धाव त्यांच्या हाताला लागलीच नव्हती. कुणाला धरतो आहोत हे कळायच्या आत तो मिटला होता. पुढे त्या कधी सहज आत येत, कधी अंगणातूनच परतत. घरच्यांनी काही बोलून दाखवले असेल का, हे मी विचारले नाही. वाचवले त्या हाताने, यात शंका नाही. पण हातापाशी विचाराला सवड नव्हती. दाराशी सवड होती, माझी जात, गाव, सगळे आठवण्याइतकी होती. आणि तरीही त्या आत आल्या होत्या.