ताऱ्यातलं पाणी

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी दळण निवडत होते. वाचली, घडी घातली, आधी वडिलांना जेवू दिलं... मग सांगितलं.

अण्णा माझे थोरले भाऊ. तेरजवळच्या आमच्या गावातून शिकून परराज्यातल्या वेधशाळेत गेले आणि आयुष्यभर जोडतारे बघत राहिले. जोडीतला एक फुगलेला, तांबडा, थंडावत आलेला. दुसरा लहान, कमालीचा तापलेला, जोडीदाराचा वायू ओढून घेणारा. भोवती धूळ. त्या धुळीतून पार होणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश यंत्रानं फोडायचा आणि ताऱ्यात काय काय आहे ते ओळखायचं, हे त्यांचं काम.

मोठ्या दुष्काळात ते रजेवर आले. तांबड्या ताऱ्यात पाण्याची वाफ सापडल्याचं त्यांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी पारावर. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन दारात. गावाला सामाईक विहीर खणायची होती.

"काय साहेब, धुळीआडचं पाणी दिसतंय म्हणं तुम्हाला? हे तर पायाखालचं हाय. जागा दावा."

"भुईतलं मला दिसत नाही, काका."

"दिसत न्हाय, का दावायचं न्हाय?"

त्या दिवसापासून टँकरवर आमच्या घागरी मागं सरकू लागल्या. पाण्याची जागा अण्णांनी स्वतःच्या रानासाठी राखलीय, अशी कुजबुज. घरात प्यायला पुरेना. मी वैतागले. "कुठंही बोट दाखवा अन् सोडवा आम्हाला."

"आणि कोरडी निघाली तर? उपाशीपोटी खणतात गं लोक." मग हसले. "ताऱ्यात पाणी दिसलं तरी आम्ही आधी संशय घेतो, आपल्याच हवेतली वाफ मधे आली नाही ना? मग शेजारच्या, वाफ नसलेल्या ताऱ्याशी ताडून बघतो. इथं कशाशी ताडून बघू?"

शेवटी गावानं आपल्या मनानं खणलं. विहीर कोरडी निघाली. चेअरमन म्हणाले, "बघा, ठावं होतं त्याला. म्हणून तर गप बसला." आमच्या घागरी मागं त्या मागंच राहिल्या.

मलाही कधी कधी वाटायचं... इतक्या लांबचं दिसणाऱ्या माणसाला इथलं काहीच दिसलं नसेल? मी पुन्हा विचारलं नाही. विचारून खरं थोडंच कळणार होतं.

गावी आले की अण्णा अंगणात बाजेवर झोपायचे. ती बाज अजून तिथंच आहे. परवा चेअरमन भेटायला आले. आता काठी टेकत चालतात. बोलता बोलता बाजेचं उसं, डोक्याकडची बाजू, कुणीकडं आहे ते निरखत होते, जणू अण्णा त्या दिशेनं पाण्याची खूण ठेवून गेलेत. त्या रेषेत त्यांची नजर आमच्या रानाच्या बांधापर्यंत गेली, तिथं जरा थांबली. चहा न घेताच उठले.

ते गेल्यावर मीही एकदा त्या रेषेत बघून घेतलं, आणि बाज उचलून भिंतीला उभी केली.