अकरा मिनिटांचा शॉट

इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या वेअरहाउसमध्ये काम करणारा आमचा यतिन मराठी मंडळाच्या अंकात सिनेमावर लिहायचा. लॉकडाऊनमध्ये घरी एक फ्रेंच सिनेमा बघून त्याने चिडून लिहिलं, "म्हातारी खिडकीत बसते तिथे नेट अडकलं. अकरा मिनिटं फुकट!" अरे, नेट कुठलं? शॉटच तसा स्थिर होता आणि समीक्षकांनी नेमका तोच डोक्यावर घेतला होता. आम्ही नालायकांनी महिनाभर त्याची टर उडवली.

मग साताऱ्यात त्याच्या आईला कोविड झाला. इथून विमानं बंद. भाऊ तिच्यासमोर फोन लावून औषधं आणायला गेला. उशीला टेकलेली आई व्हिडिओ कॉलवर हलेचना. यतिन म्हणत राहिला, "आई, नेट अडकलंय गं, थांब जरा."

तिच्यामागचा पंखा गरगर फिरत होता.