दीड वर्षाच्या यशूला घेऊन रिजवरच्या अशोकस्तंभापर्यंत

दिल्लीत फेब्रुवारीचं ऊन घरात बसून वाया घालवू नये, असं माझा नवरा नितीन दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी आम्ही ते गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर, एअर प्युरिफायरच्या शेजारी बसून वाया घालवतो. यंदा मात्र निघालो, त्याचं कारण माझे बाबा.

बाबा नागपूरहून आले होते. आई गेल्यापासून तिथे एकटेच असतात. "इथेच राहा ना," हे माझं पालुपद. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "राहून करू काय? लेकरू तं जवळ येत नाही." आणि ते खरं होतं. आमची यशोधरा, म्हणजे यशू, लिफ्टमधल्या परक्या काकांकडेही हसत जाते. पण आजोबांच्या मिशा दिसल्या की भोकाड पसरायची. बाबा हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं त्यांना. बुधवारचं परतीचं तिकीट होतं. शनिवारी ते म्हणाले, "रिजवरचा अशोकस्तंभ पाहायचा होता. पोस्टात होतो तेव्हा दोनदा दिल्लीला आलो, दोन्ही वेळा राहून गेला."

रिज म्हणजे उत्तर दिल्लीतली जंगलाची टेकडी. रविवारी सकाळी निघालो. नितीनने लहान बाळाच्या सामानाची अशी बॅग भरली होती, की आम्ही लडाखला निघालोय असं वाटावं. वर बाबागाडी. तुम्ही जाणार असाल तर बाबागाडी घरी ठेवा. मेट्रोच्या तपासणीत ती घडी करावी लागली आणि घडी करायचं बटण नितीनला सापडेना. मागे रांग वाढली. "भाईसाहब, पहले बच्ची को तो निकाल लो," मागून एक जण कळकळीने म्हणाला.

गुरुग्रामहून यलो लाइन थेट विश्वविद्यालय स्टेशनला जाते, गाडी बदलावी लागत नाही. यशूएवढ्या मुलांना तिकीट नाही. सल्ले मात्र भरपूर आणि फुकट. साकेतला चढलेल्या आंटी म्हणाल्या, "टोपी पहनाओ, हवा लग जाएगी." मी टोपी घातली. राजीव चौकला दुसऱ्या आंटी चढल्या. "हाय राम, इतनी गर्मी में टोपी!" मी टोपी काढली. बाबा समोरच्या सीटवरून हे बघत होते. म्हणाले, "अर्धी टोपी घालून पाह्य."

स्टेशनबाहेरून ई-रिक्षाने पाच-दहा मिनिटांत रिजच्या फाटकाशी पोचलो. आत जायला तिकीट नाही. आत शिरलं की शहराचा आवाज एकदम मागे पडतो. दोन्ही बाजूंना झाडी, मधे सावलीचा रस्ता, मोर ओरडतायत. मी भावुक होऊन यशूला हिरवळीवर उतरवायला गेले, तर तिने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. खाली घेतलं की पाय वर, वर घेतलं की पाय खाली. जन्मल्यापासून टाइल्सवर वाढलेली पोर. गवत टोचतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"चौदाव्या मजल्यावर गवत कुठून येईन?" बाबा म्हणाले.

शेवटी तिला रस्त्यावर सोडलं, तर ती चालायला लागली. म्हणजे एक वाळकं पान उचलायचं, आम्हाला दाखवायचं, टाकायचं, पुढचं उचलायचं. धावणारे लोक आमच्या शेजारून दोनदा गेले, आम्ही त्याच झाडाखाली. लहान मुलांबरोबर फिरायला जाताना कुठे पोचायचं हे ठरवू नये, हा माझा कळकळीचा सल्ला.

दमून एका बाकावर बसलो. नितीनने बॅग उघडली आणि केळं काढलं. रिजवर माकडं आहेत हे सगळ्या दिल्लीला माहीत आहे. नितीनलाही माहीत होतं.

एक दांडगं माकड उतरलं. केळ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बॅगच उचलून समोरच्या झाडावर जाऊन बसलं. आधी त्याने ओल्या वाइप्सचं पाकीट काढलं. एक ओढला, हुंगला, टाकला. त्यामागून दुसरा आला. ते चकित झालं. मग वाइप्स संपेपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. ते संपल्यावर डायपर. नितीन खालून "छोड़ो! प्लीज़!" असं हिंदीत विनवत होता.

तेवढ्यात बाबा उठले. गुडघे दुखत असूनही तरातरा झाडाखाली गेले आणि अस्सल नागपुरीत सुरू झाले, "अबे, काय करून राहिला बे? लेकराचं सामान हाये ते! तुले लागते का डायपर? घालशीन का तू? लाज वाटते का काही?"

माकड डायपर हातात धरून ऐकत राहिलं. आणि आमच्या मागे यशू खदखदून हसली. बाबांनी वळून पाहिलं. मग दुप्पट जोराने, हातवारे करत माकडाची खरडपट्टी काढली. यशू आणखी हसली. माकडाने कंटाळून बॅग खाली टाकली आणि डायपरचा गठ्ठा घेऊन ते निघून गेलं.

आता मुलांचं टायमिंग. नेमक्या याच वेळी यशूचा चेहरा गंभीर झाला, आणि काय झालंय ते आम्हा तिघांनाही वासावरून कळलं.

पिण्याच्या पाण्याने तिला धुतलं. पण डायपरऐवजी घालणार काय? बाबांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला, उन्हात डोक्याला गुंडाळतात तो. "आण इकडे."

"तुम्हाला येतो लंगोट बांधता?" मी विचारलं.

"नाही. तुझी आई तुले बांधे तेव्हा पाह्यलं होतं."

यशूला त्यांच्यापुढे उभी केली. ती त्यांच्या मिशांकडे टक लावून बघत राहिली, ओठ थरथरले, तेवढ्यात बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "काय करून राहिला बे?" ती हसली. गाठ बांधून होईपर्यंत त्यांनी ते सतरा वेळा तरी म्हटलं असेल.

हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या चढावर तो स्तंभ उभा आहे. मोडलेला, तुकडे जोडून उभा केलेला. बाबांनी चप्पल काढून हात जोडले. शेजारी यशू, ढगळ लंगोटात, एका हातात त्यांचा सदरा धरून उभी. लंगोट तिथेच सुटला. बाबांनी डोळे पुसले आणि पुन्हा बांधला. परतीच्या मेट्रोत तो आणखी दोनदा सुटला, आणि या वेळी एकाही आंटीने सल्ला दिला नाही.

दुपारी घरी आलो. या सहलीतून हाती काय लागलं म्हणाल, तर फोटो तीन, तिन्ही हललेले. डायपर गेले, नितीनची माकडांबद्दलची सहानुभूती गेली. मी चहा ठेवून बाहेर आले तर बाबा सोफ्यावर आडवे होते आणि यशू त्यांच्या छातीवर पालथी, गाढ झोपलेली. बाबा हलत नव्हते. पाय अवघडला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. मी तिला उचलायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. नागपूरचे मित्र होते, कधी परत येतोस विचारत होते. मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"तिकीट तं बुधवारचं हाये," बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण आता सांगता येत नाही गड्या. लेकरू अंगावर झोपलंय."